स्कॉटिश पार्लमेंटचे थेट प्रक्षेपण, मुंबईतून पाहताना

एडिनबर्गच्या स्कॉटिश पार्लमेंटचे ऑनलाइन प्रक्षेपण विनामूल्य आहे आणि दर गुरुवारी तेथे दुपारी १२ वाजता फर्स्ट मिनिस्टरांना (स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांना) विचारले जाणारे प्रश्न मुंबईत हिवाळ्यात सायंकाळी ५.३० वाजता पाहता येतात. पक्षनेत्यांची सुरुवातीची खडाजंगी बरीचशी नाटकी वाटते. मात्र त्यानंतर साधे सदस्य आरोग्य, शिक्षण अशा १९९९ पासून लंडनच्या संसदेकडून या सभागृहाकडे आलेल्या विषयांवर जे नेमके प्रश्न विचारतात, त्यांत खरा ऐवज असतो. आपल्या विधानसभेतील तारांकित प्रश्न आणि उपप्रश्न ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. स्कॉटिश उच्चार मात्र कानाला जड जातात, म्हणून नंतर प्रसिद्ध होणारे शब्दशः प्रतिवृत्त (माझ्या मते या सेवेतील सर्वोत्तम भाग) सोबत वाचावे.