गाडीतल्या स्पीकरची वायर: अस्सल तांबं की नुसता मुलामा?

दोन वायरी शेजारी ठेवा. दोन्हींवर १६ गेज छापलंय, दोन्ही लाल-काळ्या, हाताला जाडीही सारखीच. आता ब्लेडने एकेक तार खरवडा. एक आतपर्यंत लालसर निघते, दुसरीतून पांढरी चकाकी डोकावते. ही दुसरी सीसीए, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर. कल्हईची तांब्याची तार मात्र वरून चंदेरी आणि आतून लाल असते, तिला उगाच नाकारू नका.

सीसीएचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. म्हणजे १६ गेजच्या सीसीएचं काम तांब्याच्या १८ गेजइतकंच. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हेही इथेच सांगून ठेवतो.

आवाजात किती फरक पडतो? डिकीतल्या अँपपासून (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरपासून) पुढच्या दारापर्यंत ५ मीटर धरू, जाऊन-येऊन १०. तांब्याच्या १६ गेजचा रोध होतो सुमारे ०.१३ ओहम, सीसीएचा ०.२१. समोर ४ ओहमचा स्पीकर असेल तर दोन्हींतला फरक पाव डेसिबलही नाही. कानाला कळणार नाही. तरीही दारासाठी मी तांबंच घेईन, कारण घोळ होतो तो जोडणीत. स्क्रूखाली दाबलेलं अॅल्युमिनियम हळूहळू सैल पडतं, उघड्या टोकावर ऑक्साइड धरतं, आणि दाराच्या रबरी नळीत रोज वाकून-वाकून तांब्याआधी तुटतं. तिथे बारीक तारांची, लवचिक वायर हवी.

सबवूफरचं, म्हणजे फक्त बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, गणित वेगळं. १ ओहमवर ५०० वॉट म्हणजे २२ अँपिअर. २ मीटर अंतराला तांब्याची १२ गेज घेतली तर वायरचा रोध स्पीकरच्या २ टक्के, १६ गेजची सीसीए घेतली तर ८ टक्के. इथे काटकसर नकोच.

अँप नाही, स्पीकर थेट स्टीरिओवर? मग कंपनीची वायर उपटू नका. डब्यावर '४ × ५०' (चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॉट) लिहिलेलं असलं तरी सलग मिळतात चॅनेलमागे जेमतेम २० वॉट, म्हणजे सव्वादोन अँपिअर.

'ऑक्सिजन-फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या जास्त शुद्ध तांब्यासाठी मात्र जास्तीचे पैसे मोजू नका. साध्या तांब्याहून वाहकता फार तर एखाद टक्का जास्त. त्या शब्दांचा उपयोग एवढाच, की आत तांबं असल्याचा दावा तरी विक्रेत्याने लेखी केलेला असतो.

जाड, मऊ, पारदर्शक आवरणालाही भुलू नका. टोक सोलून आत धातू किती आहे ते बघा, शक्य तर चौरस मिलिमीटरमध्ये विचारा: १६ गेज म्हणजे १.३, १२ म्हणजे ३.३. आणि दोन्ही तारा वेगळ्या ओळखू येतील अशीच वायर घ्या. एका दाराचं प्लस-मायनस उलटं लागलं की बास गायब होतो. मी त्यापायी आठवडाभर बिचाऱ्या वायरीलाच शिव्या घालत होतो.