पाट्याचा बोल्ट जाम: तेल, आच, घण की कटर?

मिरकरवाडा किंवा हर्णैहून मासळी भरून निघालेल्या गाडीमागे रस्त्यावर ओली रेघ उमटत जाते. बर्फ वितळून सांडलेलं हे खारं पाणी चासी, पाटे (गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) यांवरून ओघळत असतं. त्यात समुद्राची हवा आणि पावसात चिऱ्याच्या खाणीतला लाल चिखल. म्हणून घाटावर जो बोल्ट पाना लावताच सुटतो, तो किनाऱ्यावर हलत नाही.

उपाय निवडण्याआधी नेमकं काय अडकलंय ते बघा. नट आट्यांवर जाम झाला असेल तर गोष्ट वेगळी. नट निघाला, पण बोल्ट बाहेर येत नाही, ही त्याहून वाईट अवस्था, आणि आपल्याकडे तीच जास्त दिसते. पाट्याच्या टोकाला गोल भोक असतं, त्याला आय म्हणतात. त्यात रबर बुश बसतं आणि बुशच्या आत लोखंडी स्लीव्ह, म्हणजे नळी असते. बोल्टचा दांडा आणि स्लीव्ह यांच्यामधल्या बारीक फटीत खारं पाणी शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे दोघं एकमेकांत आवळले जातात. खूण सोपी आहे: डोक्याला पाना लावून फिरवलं की बोल्ट थोडा फिरतो आणि सोडल्यावर मागे येतो. म्हणजे स्लीव्हही सोबत फिरतेय आणि रबर पिळतंय. अशा वेळी ताकद वाढवून उपयोग नाही.

नट जाम असेल तर: तेल की आच?

तेलाला वेळ लागतो, पण त्याने नुकसान काही होत नाही. आधी बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करा, नाहीतर तेल मातीतच मुरतं. गंज सोडवणारा स्प्रे नसेल तर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल (एटीएफ) निम्मं-निम्मं मिसळून चालतं. संध्याकाळी मारा, मध्ये दोनदा परत द्या, सकाळी पाना लावा. आधी किंचित आवळून मग सोडवायचं, म्हणजे गंजाचा थर तुटतो. नट खोलायची हवेवरची एअर गन असेल तर उत्तमच, पण पंक्चरवाल्याच्या बारीक नळीवर एक इंची गनला पुरेशी हवा मिळत नाही. गन नुसती टकटक करते आणि दोष नटाच्या माथी येतो.

गॅसची आच पाच मिनिटांत काम करते. नट मंद लाल होईपर्यंत तापवा. तो फुगतो आणि आट्यांवरची पकड सुटते. जरा थंड झाला की मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मात्र ॲसिटोन मारलेल्या जागी ज्योत नेऊ नका, आणि आजूबाजूला ब्रेकच्या नायलॉन नळ्या, वायरिंग व डिझेलची टाकी आहे का ते पाहा. पाट्याला आच लागू देऊ नका. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी (टेंपर) उतरलं की तो पाटा भार घेत नाही, आज नाही तर पुढच्या खड्ड्यात तुटतो.

बोल्ट स्लीव्हमध्ये अडकला असेल तर: घण की कटर?

घणाचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ठोकण्याआधी दोन गोष्टी. पहिली, बोल्टवर गाडीचा भार असेल तर सैल बोल्टही निघणार नाही. पुढची-मागची चाकं अडवून चासी घोडीवर (स्टँडवर) घ्या, ॲक्सलखाली जॅक द्या आणि शॅकल सैल लटकेपर्यंत उंची कमी-जास्त करा. दुसरी, बऱ्याच जुन्या गाड्यांच्या ग्रीस निपलवाल्या पिनला आडवा लॉक बोल्ट असतो. तो न काढता पिन ठोकली तर चासीवरचं ब्रॅकेटच फुटतं. ठोकताना जुना नट टोकाशी सपाट येईल एवढा चढवा आणि मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा ठोकळा धरा. आठ-दहा जोरदार ठोक्यांत काहीच सरकलं नाही तर थांबा. पुढे ठोकत राहिलात तर टोक पसरतं आणि स्लीव्हमधून जायचा मार्गच बंद होतो. पिन दाबून काढायचा हायड्रॉलिक प्रेस मिळत असेल तर घणापेक्षा केव्हाही बरा.

बुश बदलायचंच असेल तर आमचं मत सरळ कटरच्या बाजूने आहे. पाट्याची आय आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. चार इंची ग्राइंडरला एक मिलिमीटरची डिस्क लावली की काम नीट होतं. तुकडा बुशसकट बाहेर येतो. गॅस कटर भराभर कापतो, पण ब्रॅकेटला खाच पाडतो, आणि रबर जळून जो धूर होतो तो नाकात घेण्यासारखा नसतो. जागा अगदी अरुंद असेल तेव्हाच तो वापरा. चष्मा हवाच.

पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटावर मात्र तेल घालत बसू नका. ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो, त्यामुळे ॲक्सलला आधार देऊन सरळ कापा.

नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला साधा चालणार नाही. डोक्यावर जुन्याइतकाच ग्रेड हवा, ८.८ किंवा १०.९. दांड्याला अँटी-सीझ (बोल्ट अडकू नये म्हणून लावायची पेस्ट) किंवा ग्रीस लावा, पण आटे कोरडे ठेवा. ओल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. रबर बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळा. हवेत लटकत असताना आवळलात तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट तिरपे, एकाआड एक आवळा आणि साधारण ५०० ते १००० किलोमीटरनंतर परत तपासा. मासळीच्या गाड्यांना १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत सवड असते. पण पावसात उघड्यावर बुश बदलण्यापेक्षा मेअखेरीस शेड मिळते का ते बघा.