न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरी टीव्हीचा अँटेना कुठे लावावा: खिडकीत, छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये की छपरावर?

हवेतून फुकट येणारी टीव्ही चॅनेलं पकडायला खोक्यावर ‘२०० मैल’ छापलेला चपटा अँटेना घरी येतो, टीव्हीमागच्या भिंतीला चिकटतो, आणि चॅनेल २, ४, ५ लख्ख दिसायला लागतात. ७ मात्र काही केल्या येत नाही. सेंट्रल न्यू जर्सीत, म्हणजे एडिसन, आयसेलिन, पिस्कॅटवे या पट्ट्यात, हे इतक्या नेमाने होतं की अँटेना निवडताना पहिला प्रश्न हाच धरावा: ७ का येत नाही?

पडद्यावर दिसणारा चॅनेलचा आकडा ही नुसती पाटी असते. खरं प्रसारण वेगळ्याच क्रमांकावरून होत असतं. न्यूयॉर्कचं सीबीएस नेटवर्क, पाटी २, प्रत्यक्षात ३६ वर आहे. एनबीसी, पाटी ४, ३५ वर. फॉक्स, पाटी ५, २७ वर. हे सगळे यूएचएफ, म्हणजे आखूड लहरींच्या पट्ट्यात. एबीसीचं ७ मात्र खरोखरच ७ वर आहे, ११ हे ११ वर आणि पीबीएसचं १३ हे १२ वर. हे तिन्ही व्हीएचएफ, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यात. ३६ वरची लहर साधारण अर्धा मीटर लांब, तर ७ वरची जवळपास १.७ मीटर. अँटेनाचा आकार लहरीच्या मापाचा लागतो. फूटभर रुंदीचा चपटा पत्रा यूएचएफला पुरतो, पण ७ च्या लहरीपुढे तो तोकडा पडतो. म्हणून खोक्यावरचे मैल बघू नका, त्यात ‘हाय-व्हीएचएफ’साठी (७ ते १३ क्रमांकांसाठी) वेगळ्या दांड्या आहेत का ते बघा. पृथ्वीच्या गोलाईमुळे साठ-सत्तर मैलांपलीकडचं चॅनेल रोजच्या रोज भरवशाने मिळत नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. ‘४के अँटेना’ असाही प्रकार नसतो. अँटेना लहर पकडतो, चित्र किती बारीक आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता दिशा, म्हणजे प्रसारणाचे टॉवर असलेल्या इमारती कुठे आहेत ते. एडिसनपासून एम्पायर स्टेट बिल्डिंग सुमारे २७ मैल आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर सुमारे २५ मैल, दोन्ही ईशान्येला, खऱ्या उत्तरेपासून ५५ ते ५७ अंशांवर. न्यूयॉर्कसाठी एकच दिशा पुरते, ही मोठी सोय आहे. होकायंत्र वापरणार असाल तर लक्षात ठेवा की इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला १२-१३ अंश सरकलेली आहे, म्हणून सुई ६८ च्या आसपास दाखवेल तेव्हा तोंड बरोबर ५५ कडे असतं. फोनच्या होकायंत्रात ‘खरी उत्तर’ निवडली तर ही बेरीज करावी लागत नाही. तुमच्या पत्त्याची नेमकी दिशा आणि सिग्नलचा अंदाज रॅबिटइअर्सच्या संकेतस्थळावर किंवा एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) नकाशावर मिळतो. पत्ता टाकून तिथली यादी आधी बघा, खरेदी नंतर. त्या यादीत खरा क्रमांकही दिलेला असतो.

खिडकीतला

वीस ते चाळीस डॉलर, भोक नाही, शिडी नाही. वरच्या मजल्यावर ईशान्येची खिडकी असेल तर यावर भागू शकतं. अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत असाल आणि बाल्कनी नसेल तर हाच पर्याय.

पण खिडकी वाटते तितकी मोकळी नसते. नव्या ऊर्जाबचतीच्या काचांवर धातूचा अतिपातळ थर असतो आणि तो सिग्नल अडवतो. डास अडवणारी जाळी अॅल्युमिनियमची असेल तर तीही अडवते. तपासणी सोपी आहे: काच सरकवून उघडा, जाळी काढा आणि टीव्हीच्या मेन्यूतला सिग्नलचा आकडा बघा. लगेच वाढला तर दोष काचेचा किंवा जाळीचा. टीव्हीच्या पाठीमागची जागा सगळ्यात वाईट, कारण टीव्ही, त्याची एचडीएमआय केबल आणि आजूबाजूचे चार्जर सगळेच रेडिओ गोंगाट करतात, आणि त्या गोंगाटाचा जास्त फटका नेमका व्हीएचएफला, म्हणजे पुन्हा ७, ११ आणि १३ ला बसतो. एलईडी दिवा लावला की ७ अडखळतं, असं पुष्कळ घरांत होतं. दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करत गेलं की गुन्हेगार सापडतो.

घरातलाच घ्यायचा असेल तर आमचं मत चपट्याच्या बाजूने नाही. दोन खेचायच्या दांड्या आणि मध्ये एक कडं असा जुन्या पद्धतीचा, ‘सशाच्या कानांचा’ अँटेना घ्या. या दांड्या बहुतेक लोक पूर्ण ताणतात आणि इथेच चुकतात. पूर्ण लांबी २ ते ६ क्रमांकांच्या लांब लहरींसाठी असते, आणि न्यूयॉर्कचं कुठलंही मोठं नेटवर्क आता तिथे नाही. ७ ते १३ साठी प्रत्येक दांडी साधारण १६ इंच हवी. टेपने मोजा, दांड्या जवळजवळ आडव्या करा, आणि त्यांची रेघ टॉवरच्या दिशेला काटकोनात ठेवा, म्हणजे दांड्यांची कूस ईशान्येला येईल. एवढ्यानेच ७ दिसायला लागल्याची उदाहरणं कमी नाहीत.

अ‍ॅटिकमधला

स्वतःचं घर किंवा टाउनहाउस असेल तर या पट्ट्यात बहुतेकांना आम्ही हाच सुचवू. प्लायवूड आणि डांबरी शिंगल्स सिग्नल खातात, ओले झाले किंवा वर बर्फ साचला की आणखी खातात. ३ डेसिबल गेले म्हणजे सिग्नल निम्मा झाला, १० गेले म्हणजे दहावा भाग उरला. तरीही २५-२७ मैलांवरून येणारा सिग्नल मुळात इतका दणकट असतो की ही तूट परवडते. बदल्यात उंची मिळते, मोठा अँटेना बसतो, वारा-पाऊस लागत नाही आणि शेजारी कोणी नाक मुरडत नाही.

अँटेना घेताना चार ‘बो-टाय’ (फुलपाखरासारखे धातूचे तुकडे) आणि मागे जाळी, सोबत व्हीएचएफची आडवी दांडी, असा घ्या. नाहीतर दांड्यांची शिडी असलेला, मध्यम लांबीचा, यूएचएफ-व्हीएचएफ दोन्ही पकडणारा संयुक्त अँटेना. दोन्ही साठ ते दीडशे डॉलरच्या घरात मिळतात.

आधी टॉर्च घेऊन अ‍ॅटिक नीट बघा. कौलांच्या आतल्या बाजूला चकचकीत फॉइल लावलेलं असेल, तर ती जागा म्हणजे पत्र्याची पेटी आहे. थेट छपराचा विचार करा. फॉइलचं तोंड असलेलं इन्सुलेशन, अॅल्युमिनियमचं साइडिंग, धातूचं छप्पर यांनाही हेच लागू. सोलर पॅनेल बहुधा दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या उतारावर असतात, म्हणून ईशान्येकडे बघणाऱ्या अँटेनाच्या वाटेत ते सहसा येत नाहीत. ईशान्येच्या अंगाला व्हिनाइल साइडिंगची त्रिकोणी भिंत असेल तर नशीब समजा: अँटेना त्या भिंतीतून बघू द्या, छपरातून नको. एसीच्या नळ्या आणि विजेच्या तारांपासून तीन फूट तरी अंतर राखा.

जागा ठरवायला घाई करू नका. एकाने टीव्हीसमोर बसावं, दुसऱ्याने वर अँटेना हातात धरून फिरावं, दोघांत फोन चालू. बघायचा तो सिग्नलच्या ‘दर्जा’चा आकडा, ‘ताकदी’चा नव्हे. डेसिबलमध्ये दिसत असेल तर सध्याच्या प्रसारणाला १५ च्या आसपास लागतात. त्याखाली गेलं की चित्र अंधुक होत नाही, एकदम तुकडे होऊन जातं. २० च्या वर पोचलात तर पावसापाण्याला थोडी सवड राहते. ७ आणि ११ वर नजर ठेवून दोन-दोन फूट सरकत राहा. भिंती आणि नळ्यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना काही ठिकाणी मारतात, काही ठिकाणी जोर देतात, त्यामुळे दोन फुटांचा फरक कधीकधी बूस्टरपेक्षा (सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रापेक्षा) जास्त काम करतो. ही चाचणी जानेवारीत केली असेल तर मेमध्ये पुन्हा करा. समोरच्या ओक-मेपलला पानं फुटली की यूएचएफचे आकडे उतरतात.

छपरावरचा

सगळ्यात जास्त सिग्नल इथेच, आणि काम तसंच अंगावर येणारं. तीन परिस्थितींत हा पर्याय रास्त आहे: अ‍ॅटिकमध्ये फॉइल आहे, घर उताराखाली किंवा दाट झाडीत आहे, किंवा फिलाडेल्फियाची चॅनेलंही हवी आहेत.

फिलाडेल्फिया हवंसं वाटण्याचं कारण बहुधा अमेरिकन फुटबॉल. न्यूयॉर्कच्या केंद्रांवर जायंट्स-जेट्सचे सामने, ईगल्सचे तिकडे. फिलाडेल्फियातल्या रॉक्सबरोचे टॉवर एडिसनपासून सुमारे ५५ मैलांवर, २३३ अंशांना, म्हणजे न्यूयॉर्कच्या बरोबर पाठीकडे आहेत. चांगला दिशादर्शी अँटेना पाठीमागचं मुद्दाम कापतो, म्हणून एकाच अँटेनात दोन्ही शहरं नीट बसत नाहीत. बो-टायची मागची जाळी काढली तर तो दोन्हीकडे बघू लागतो, पण जोर घटतो. न्यूयॉर्कला तो पुरतो, ५५ मैलांच्या फिलाडेल्फियाला पुरेल याची खात्री नाही. दोन अँटेना साध्या स्प्लिटरने (एका केबलच्या दोन करणाऱ्या जोडाने) उलटे जोडण्याचा मोह टाळा. एकच चॅनेल दोन वाटांनी थोडं मागेपुढे पोचतं आणि स्वतःलाच खातं, शिवाय जोडणीत साडेतीन डेसिबल जातात. दोन अँटेना, दोन केबली आणि टीव्हीजवळ अ-ब स्विच (एका वेळी एकच अँटेना निवडणारा), किंवा मग फिरवणारी मोटर. आणखी एक अडचण अशी की फिलाडेल्फियाचं एबीसी २००९ मध्ये डिजिटल झाल्यावरही खऱ्या ६ क्रमांकावरच राहिलं. त्या लहरीला साडेपाच फुटांच्या आसपास दांडी लागते, आणि आजच्या बहुतेक अँटेनांत ती नसते.

छपरावर अर्थिंगला सूट नाही. खांबापासून घराच्या मुख्य अर्थिंगपर्यंत १० गेजची तांब्याची तार, आणि केबल घरात शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक (केबलची जाळी अर्थिंगला जोडणारा ठोकळा), त्याचीही तार तिथेच. वेगळी सळई ठोकली तर ती ६ गेजच्या तांब्याने घराच्या अर्थिंगला जोडलीच पाहिजे. नुसती सळई ठोकून सोडली, तर वीज जवळपास पडताना दोन अर्थिंगांमधला दाब टीव्हीतून वाट काढतो. थेट वीज पडली तर यातलं काहीच वाचवत नाही. हे सगळं वाऱ्याने साठणाऱ्या स्थिर विजेसाठी आणि जवळच्या विजेच्या धक्क्यासाठी आहे. रस्त्यावरून येणाऱ्या विजेच्या तारेपासून किमान १० फूट, आणि खांब कुठल्याही बाजूला आडवा झाला तरी तारेला टेकणार नाही अशी जागा. शिडीवर अवघडल्यासारखं होत असेल तर दोनशे-चारशे डॉलर देऊन माणूस बोलवा. हा खर्च वाया जात नाही.

टाउनहाउसच्या असोसिएशनची भीती मात्र नको तितकी घेतली जाते. १९९६ च्या एफसीसी नियमानुसार, जी जागा फक्त तुमच्या वापरात आहे तिथे स्थानिक चॅनेलचा अँटेना लावायला त्यांना सरसकट मनाई करता येत नाही. १९९९ पासून भाडेकरूंनाही स्वतःच्या बाल्कनीत हा हक्क आहे. सामाईक छताला तो लागू नाही. छपराच्या वर १२ फुटांहून उंच खांब असेल तर परवानगी मागितली जाऊ शकते.

केबल, स्प्लिटर आणि बूस्टर

आरजी-६ जातीची केबल घ्या. ३६ क्रमांकाच्या आसपास १०० फुटांत साधारण ५ डेसिबल जातात. दोन टीव्हींचा स्प्लिटर ३.५ खातो, चारांचा ७. म्हणून चार तोंडांचा स्प्लिटर लावून दोन मोकळी ठेवू नका. चूक होते ती टोकाला. केबलच्या आवरणाखालच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला चिकटला की सगळं बंद, आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो. वरचं आवरण कापल्यावर जाळी बोटाने मागे दुमडा, पांढरा गाभा कनेक्टरच्या आतल्या कडेला लागेपर्यंत दाबा, आणि मधली तार कडेबाहेर जेमतेम पाव सेंटिमीटर-तीन मिलिमीटर राहू द्या. कनेक्टर दाबून बसवायचा, पिळून बसवायचा नव्हे. बाहेरची केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन आणा, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं.

बूस्टर शेवटी. तो दर्जा सुधारत नाही, वाटेत जे हरवणार ते आधीच भरून देतो. म्हणून त्याची जागा अँटेनाजवळ, टीव्हीजवळ नाही. वीज पुरवणारा डबा आणि बूस्टर यांच्यामध्ये साधा स्प्लिटर आला तर वीज वर पोचतच नाही. २५ मैलांवर एक-दोन टीव्ही असतील तर बहुधा तो लागतच नाही. उलट जवळच्या दणकट चॅनेलांनी तो गुदमरतो आणि लावल्यानंतर चॅनेल कमी होतात. तसं झालं तर काढून बघा. जुलै २०२० पर्यंत ६१४ मेगाहर्ट्झच्या वरची टीव्हीची जागा मोबाइलला गेली. फोनचा टॉवर घराजवळ असेल तर एलटीई फिल्टर (मोबाइलच्या लहरी अडवणारा) असलेलाच बूस्टर घ्या.

मग कोणता?

भाड्याचं घर आणि ईशान्येची खिडकी: कानांचा अँटेना. बाल्कनी त्या बाजूला असेल तर व्हीएचएफ दांड्यांचा छोटा अँटेना बाल्कनीतच. स्वतःचं घर, अ‍ॅटिकमध्ये फॉइल नाही, न्यूयॉर्कवर समाधान: अ‍ॅटिक, बूस्टरशिवाय. फॉइल आहे किंवा ईगल्स हवेत: छप्पर. यातून मराठी वाहिन्या मिळणार नाहीत. मिळतं ते मुलांचं पीबीएस, बातम्या, सामने, आणि वादळात इंटरनेट गेल्यावर हवामानाचा इशारा, तेही महिन्याच्या बिलाशिवाय.

भोक पाडण्याआधी अँटेना लांब काठीला चिकटपट्टीने बांधा, तात्पुरती केबल ओढा आणि दोन-तीन दिवस संध्याकाळी ७ आणि ११ चालू ठेवून बघा. खोकं आणि पावती तोवर जपून ठेवा. जागा बदलली की टीव्हीवर पूर्ण शोध पुन्हा चालवा, कारण एखादं चॅनेल हवेत पोचत असूनही जुन्या यादीत नाही एवढ्यावरून दिसत नाही.