एनव्हीडीए: चार वर्षांच्या वापरानंतर

पदवीच्या दुसऱ्या वर्षी माझी नजर इतकी उतरली की भिंग घेऊनही पुस्तक वाचता येईना. तेव्हापासून एनव्हीडीए वापरते आहे. आता एम.ए. संपत आलंय.

विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे. मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ऑस्ट्रेलियात तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. तो अंध माणसांनीच बनवलाय, हे वापरताना सतत जाणवतं. वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, टी दाबलं की पुढचा तक्ता. तक्त्यात कंट्रोल-आल्ट धरून बाणाच्या कळा दाबल्या की एकेक रकाना ऐकू येतो, ओळ आणि स्तंभही कळतो. पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर ठेवता येते, त्यामुळे ग्रंथालयातल्या संगणकावरही काम अडत नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचकाचा आवाज पहिले काही दिवस कानाला टोचतो, यंत्रासारखा वाटतो. पण वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात. आज मी तोच ठेवलाय.

खरी अडचण मला मिळणाऱ्या फाइलींची होती. एका विषयाच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिचं स्कॅन, चौसष्ट पानं. पानाचं नुसतं चित्र असेल तर स्क्रीन रीडरला त्यात अक्षरच सापडत नाही. एनव्हीडीए गप्प. इन्सर्ट-आर दाबून स्क्रीनवरच्या पानातला मजकूर ओळखून घेता येतो, तेच पानापानाला करत बसले. अधोरेखित ओळी तुटल्या, तक्त्यातले आकडे एकमेकांत मिसळले. वर्ग तासाभरात जे वाचून मोकळा झाला, त्यात माझे तीन दिवस गेले. वर्गात मी गप्प असायचे, तेव्हा अभ्यास केला नाही असा समज व्हायचा. त्याचं फार वाईट वाटायचं.

शेवटी बाईंच्या केबिनमध्ये लॅपटॉप नेला आणि एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूतला स्पीच व्ह्यूअर चालू केला. एनव्हीडीए जे बोलतो ते त्या चौकटीत उमटत जातं. बाईंनी स्वतःच्याच नोट्सचा झालेला चुरा वाचला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "मी टाइप केलेली मूळ फाइल दिली तर?" तीच तर हवी होती! पुढच्या आठवड्यात वर्डची फाइल आली, शीर्षकांना हेडिंग स्टाइल दिलेली, आकृत्यांखाली दोन-दोन ओळींचं वर्णन. एच तीनदा दाबलं आणि थेट तिसऱ्या प्रकरणावर पोचले. त्या रात्री मी पहिल्यांदा वर्गाच्या बरोबरीने वाचलं.

नव्याने घेणाऱ्यांनी सत्र सुरू होण्याआधी पंधरा दिवस कळांचा सराव करावा, आणि वाचनयादी तेव्हाच मागून घ्यावी. शिक्षक हे वाचत असतील तर एवढंच: पीडीएफ पाठवण्याआधी त्यातली एक ओळ माउसने निवडता येते का, ते बघा. येत नसेल तर ती फाइल मलाही वाचता येणार नाही.