कॅज्युअल्टीचं रजिस्टर की सर्वेक्षणाचे फॉर्म? एकच ऑपरेटर असेल तर

खान्देशातल्या एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात साथरोगाच्या कामाला एकच डेटा ऑपरेटर मिळालाय आणि त्याला कुठे बसवायचं हे तुम्हाला ठरवायचंय, असं धरून लिहितोय. एक वाट नेहमीचीच: एकात्मिक रोग सर्वेक्षणाचे फॉर्म वेळेवर आणि नीट भरून घेणं. दुसरी म्हणजे रोज सकाळी कॅज्युअल्टीचं, म्हणजे तातडीच्या रुग्णांच्या विभागाचं, रजिस्टर उघडून कालच्या तक्रारी मोजणं. माझं मत आधीच सांगतो. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत त्याला कॅज्युअल्टीत बसवा, नंतर फॉर्मवर. एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

फॉर्मची व्यवस्था 2004 पासूनची. आशा आणि आरोग्यसेविकेने पाहिलेली लक्षणं एस फॉर्ममध्ये, डॉक्टरचं अनुमान पीमध्ये, लॅबने पक्कं केलेलं एलमध्ये. पूर्वी सोमवार ते रविवार असा आठवडा भरायचा आणि मग आकडे वर जायचे, म्हणजे सोमवारी सुरू झालेले जुलाब जिल्ह्याला कळेपर्यंत गावातली निम्मी घरं आजारी. 2021 मध्ये एकात्मिक आरोग्य माहिती पोर्टल देशभर आलं, रोगांची यादी 18 वरून 33 वर गेली आणि नोंद रोज करायची सोय झाली. त्यामुळे ‘फॉर्म उशिरा येतात’ ही तक्रार निदान कागदावर तरी संपली. खासगी दवाखान्यांकडून पी फॉर्म मागून मागून मिळवावा लागतो, ते दुखणं अजून आहेच.

डेंग्यू, कावीळ, लेप्टो यांच्यासाठी फॉर्मच खरे. डेंग्यूला तपासणी लागते. काविळीचा रुग्ण आधी गावातलं झाडपाल्याचं औषध घेतो, मग दिवसा ओपीडीला येतो. रात्री दोनला कॅज्युअल्टीत येणारा तो नव्हे. तिथे या आजारांची वाट बघत बसाल तर साथ बाजूने निघून जाईल.

कॅज्युअल्टीची ताकद वेगळी आहे. तिथे निदानाची वाट बघायची नसते, नुसती तक्रार मोजायची. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट 2003 मध्ये वीज गेली, फ्रीजमधलं मांस खराब झालं, आणि जुलाबाचे रुग्ण वाढल्याचं शहराच्या आरोग्य खात्याला आपत्कालीन विभागांच्या आकड्यांतून कळलं. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे 15,000 माणसं दगावली. पुढच्याच वर्षी फ्रान्सने आपत्कालीन विभागांचे आकडे रोज गोळा करणारं जाळं उभं केलं. आपल्याकडे भुसावळ-जळगावला 45 अंश म्हणजे ‘आज जरा जास्तच तापलंय’ एवढंच. म्हणून तर ऊन लागलेला माणूस वेगळा मोजला जात नाही.

2023 पासून उष्माघाताचे संशयित रुग्ण आणि मृत्यू 1 मार्चपासून रोज पोर्टलवर भरायचे आहेत. हा आकडा कॅज्युअल्टीतूनच निघणार, दुसरीकडून नाही. अडचण अशी की केसपेपरवर ‘उष्माघात’ फार कमी वेळा लिहिलेलं असतं. ‘चक्कर’, ‘बेशुद्ध’, ‘झटके’, ‘ताप’ असतं. शेतातून आणलेली बाई अहिराणीत सांगते, ‘जीव घाबरी राहिना’, म्हणजे जीव घाबरतोय. आता हे ऊन, हृदय, फवारणीचं औषध की नुसती भीती? सिस्टर ‘अस्वस्थता’ लिहून मोकळी होते. आल्या आल्या शरीराचं तापमान मोजून लिहिलं नाही, तर थंड पाण्याने अंग उतरल्यावर 40 अंशांचा पुरावाही उरत नाही. (थंड करणं थांबवायचं नाही. थर्मामीटर लावायला मिनिट लागतं.) मृतावस्थेत आणलेले भरतीच्या आकड्यात येतच नाहीत, ते एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेस) आणि शवविच्छेदनाच्या नोंदीतून काढावे लागतात.

आता अपवाद. पावसाळ्यातही एमएलसीचं पान रोज बघा. कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा आणि सर्पदंश तिथेच दिसतात. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी आपल्याकडेही तेवढीच, आणि असे रुग्ण आधी कॅज्युअल्टीच्याच दारात येतात.

गजर कधी वाजवायचा? एक्सेलमध्ये जमेल असा साधा नियम आहे: ज्या दिवसाचे रुग्ण तपासायचे त्याच्या लगतचे आधीचे दोन दिवस सोडून त्याआधीच्या सात दिवसांची सरासरी, अधिक तीन पट प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). समजा जुलाब-उलट्यांचे रुग्ण सात दिवसांत 2, 1, 3, 2, 0, 2, 4 आले. सरासरी 2, मर्यादा सुमारे 5.9. म्हणजे सहा रुग्ण आले की गजर. पण एका काळीपिवळीतून लग्नाचं जेवण जेवलेले सहा जण उतरले तरी वाजणारच! हा खोटा गजर नव्हे, फक्त फोन करून गाव आणि आचारी विचारायचा. एकादशीच्या रात्री भगर खाल्लेल्यांचंही तसंच.

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात मात्र कॅज्युअल्टीवर भिस्त नको. रुग्ण थोडे, पाड्यावरून दवाखाना लांब, आणि पावरी किंवा भिलीतलं दुखणं नातेवाइकामार्फत मराठीत येईपर्यंत निम्मं गळतं. तिथे पाड्यावरची आशाच आधी सांगेल. शिवाय रेफर झालेला एकच रुग्ण तीन रजिस्टरांत मोजला जातो, आणि रावेरचा मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला, नवापूरचा गुजरातेत गेला की कुठेच नाही.

108 रुग्णवाहिकेच्या नोंदी हा तिसरा पर्याय. सेवा 2014 पासून आहे, वेळ आणि ठिकाण चांगलं मिळतं, पण बाळंतपणं आणि अपघात भरपूर आणि आकडे पुण्याच्या नियंत्रण कक्षाकडून मागवायचे. सुरुवातीला नको.

आणि 2006 चं नवापूर विसरू नका. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे कोंबड्या मेल्या म्हणून कळला. माणसांचं रजिस्टर कोरंच होतं, एस-पी-एलही. कुक्कुटपालकाचा आणि पशुवैद्यकाचा फोन नंबर भिंतीवर असावा, तो या दोन्हींत बसत नाही.

कॅज्युअल्टी निवडलीत तर नवीन सॉफ्टवेअर मागू नका. आहे त्या रजिस्टरला चार रकाने वाढवा: येण्याची वेळ, राहतं गाव (रेफर करणाऱ्या दवाखान्याचं नव्हे), रुग्णाच्या शब्दांत तक्रार, तापमान. वर पाठवायच्या तक्त्यात नाव आणि मोबाइल नंबर घ्यायचा नाही, गाव-वय-तक्रार पुरे. पंधरा दिवस रकाने खरंच भरले जातात का ते बघा, मग ऑपरेटरची खुर्ची हलवा.