बिलात १२ पॉइंट, छतात ३: डाउनलाइटच्या कामात पैसे कुठे मुरतात

फॉल्स सीलिंगमधल्या डाउनलाइटचं (छतात भोक पाडून बसवलेल्या दिव्यांचं) कोटेशन बहुधा एका ओळीचं असतं: 'लाइट १२ नग, फिटिंगसह'. घरमालक दोन-तीन जणांचे नगाचे दर ताडून बघतो, स्वस्त दिसला त्याला काम देतो. काम संपल्यावर बिलात लाइटच्या खाली आणखी एक ओळ निघते, 'पॉइंट १२', आणि सगळा हिशेब तिथे फिरतो.

स्विचबोर्डापासून पहिल्या लाइटपर्यंत वायर जाते तो मेन पॉइंट. तिथून पुढच्या लाइटला नेलेली जोड म्हणजे लूप. मेन पॉइंटला भिंतीत झिरी, पाइप, स्विच आणि सात-आठ मीटर अंतर, एवढा व्याप असतो. लूपला सीलिंगच्या पोकळीतून सव्वा-दीड मीटर वायर आणि एक कनेक्टर पुरतो. १२ लाइट ३ स्विचवर चालणार असतील तर मेन पॉइंट ३ आणि लूप ९. मेनला ८ मीटर आणि लूपला १.४ मीटर धरलं तर सगळं अंतर ३७ मीटरच्या आत बसतं. बाराही मेन धरले की तेच ९६ मीटर होतं. मेनचा दर १०० आणि लूपचा ४० मानला, तर रास्त बिल ६६० आणि हातात पडणारं १२००. म्हणून मेन किती, लूप किती, स्विच किती, कटआउट म्हणजे लाइटसाठीचं भोक पाडण्याची मजुरी दरात धरली आहे की वेगळी, सीलिंगची डागडुजी कुणाकडे, हे काम सुरू होण्याआधी कागदावर घ्या. 'ते बघू नंतर' म्हणणारा ठेकेदार नंतर बघतोच.

मुळात १२ लाइट लागतात का, हेही तपासा. १२ बाय १४ फुटांची खोली म्हणजे साधारण १५.६ चौरस मीटर. बैठकीला १५० लक्स उजेड, म्हणजे दर चौरस मीटरला १५० ल्युमेन (उजेडाचं माप), धरला तर २३४० ल्युमेन हवेत. निम्मा उजेड भिंती, फर्निचर आणि धुळीत जातो असं मानून दुप्पट करा, म्हणजे ४७०० च्या आसपास. १० वॅटचा बरा एलईडी ९०० ल्युमेन देतो. मग ५ किंवा ६ लाइट पुरेत. नग वाढले की पॉइंट वाढतात आणि कटआउटही वाढतात, त्यामुळे 'छत भरलेलं दिसेल' हा सल्ला फुकट दिलेला नसतो.

आता वॅट. खोक्यावर १२ छापलेलं असतं, आतला ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारी डबी) ७ चाच निघतो. हे पकडायला वायरमन लागत नाही. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती इम्पल्स (म्हणजे किती वेळा लुकलुकणं) हे छापलेलं असतं, समजा ३२००. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टर, चार्जर सगळं बंद करा आणि फक्त ते १२ लाइट लावा. खरोखर १२ वॅटचे असतील तर एकूण १४४ वॅट होतात आणि दिवा साधारण ८ सेकंदांनी लुकलुकतो. ७ वॅटचे असतील तर ८४ वॅट आणि अंतर १३ सेकंदांच्या पुढे. एकच अंतर मोजू नका, सलग १० मोजा: ७८ सेकंद की १३४, यात गफलत व्हायला जागा उरत नाही. मीटरवरचा आकडा ३२०० नसेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने आणि एकूण वॅटने भागा, सेकंद मिळतील.

यावर ठेकेदार क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) काढतो, अॅम्पियर दाखवतो, व्होल्टेजने गुणतो आणि 'बघा, भरतात की नाही' म्हणतो. तो गुणाकार वॅट देत नाही. स्वस्त ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातले खरे वॅट किती, हे प्रमाण) ०.५ पर्यंत खाली असू शकतो, आणि मग ७ वॅटचा लाइट क्लॅम्पच्या हिशेबात १४ दिसतो. घरचा मीटर खरे वॅट मोजतो, त्याच्यावरच विसंबा.

दुसरी भीती घालतात ती लोडची. 'इतके लाइट जुन्या वायरिंगला झेपणार नाहीत, मेन बोर्डापासून नवी केबल ओढावी लागेल.' २३० व्होल्टवर १४४ वॅट म्हणजे एक अॅम्पियरसुद्धा नाही. पॉवर फॅक्टर वाईट धरला तरी सव्वा अॅम्पियर. लाइटच्या सर्किटवरचा ६ अॅम्पियरचा एमसीबी हे आरामात पेलतो. वायरचं इन्सुलेशन वाळून तडकलं असेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) ५०० व्होल्टवर मोजून दाखवायला सांगा. १ मेगओहमच्या खाली रीडिंग आलं तर वायर बदलण्याला अर्थ आहे. मोजण्याआधी ड्रायव्हर सोडवायचे असतात, नाहीतर ते उडतात आणि रीडिंगही चुकीचं येतं. हे न सोडवता मेगर लावणाऱ्याच्या हातात पुढचं काम देऊ नये.

सीलिंग बंद झालं की झाकली मूठ सव्वा लाखाची. दीड चौरस मिमीची तांब्याची वायर सांगून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम ओढलं जातं. टोकाला ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर तेच. गुंडाळी तोलूनही कळतं: दीड चौरस मिमीच्या १०० मीटर वायरमध्ये नुसतं तांबंच सुमारे १.३४ किलो असायला हवं, वरचं पीव्हीसी वेगळं. इतक्या कमी लोडला ती वायर तापणार नाही, पण जोडात अॅल्युमिनियम सैल पडतं, त्यावर गंज धरतो आणि ठिणगी तिथे उडते. त्यातून जोड नुसता पिळून टेप मारलेला असेल तर वर्ष-दोन वर्षांनी लाइट मिणमिणू लागतो आणि दोष ड्रायव्हरवर ढकलला जातो. सीलिंगचा बोर्ड चढवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. जोड कनेक्टरमध्ये आणि लाइटच्या भोकातून हात पोचेल असा हवा.

कटआउटची गोची वेगळी. लाइटचा बाहेरचा व्यास ११० मिमी आणि कटआउट ९५ मिमी असेल, तर कड दोन्ही बाजूंना जेमतेम साडेसात मिमी झाकते. बाहेरच्या मापाने भोक पाडलं की लाइट खाली निसटतो, आणि 'आता मोठ्या साइझचे घ्यावे लागतील' असं सांगून पुन्हा नगाचे पैसे लावतात. चुकीचं भोक ज्याने पाडलं त्याने भरावं, हे आधीच ठरवा. भोक पाडण्याआधी चुंबक फिरवून बोर्डाचे स्क्रू शोधले तर चॅनल (बोर्ड पेलणारी लोखंडी पट्टी) कुठून गेलाय ते कळतं. चॅनल कापण्यापेक्षा लाइट ५ सेंटिमीटर सरकवणं केव्हाही बरं.

बाथरूमसाठी आयपी ६५ चे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणाऱ्या लाइटचे, जादा पैसे घेतात. पुष्कळ डाउनलाइट फक्त समोरच्या बाजूने आयपी ६५ असतात, मागची बाजू आयपी २० च, म्हणजे पाण्यापासून संरक्षण नसलेली, राहते. वरच्या पोकळीत वाफ जात असेल तर त्या पैशांचा उपयोग नाही.

शेवटचा हप्ता सगळे लाइट सलग २४ तास जळल्यावर द्या, आणि त्याच लॉटचे दोन नग जास्तीचे घेऊन ठेवा. नंतरच्या लॉटचा रंग जुळत नाही. पुढे लाइट बंद पडला की 'अख्खा बदलावा लागेल' हे ठरलेलं वाक्य ऐकू येतं. बहुतेक वेळा ड्रायव्हर गेलेला असतो. स्प्रिंग दाबून लाइट खाली ओढा आणि ड्रायव्हरवरचं लेबल वाचा, उदाहरणार्थ ३०० मिलीअॅम्पियर, २४ ते ४२ व्होल्ट. मिलीअॅम्पियर तेवढेच आणि व्होल्टची तीच मर्यादा असलेला ड्रायव्हर त्या जागी चालतो, प्लग जुळला म्हणजे झालं.