कुत्र्याच्या गुडघ्याचं ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’: पैसे मोजण्याआधी वाचा

आमचा काळ्या हा जागलीचा कुत्रा. हरभऱ्यात घुसलेल्या रानडुकरांमागे धुऱ्यावरून उडी घेतली आणि मागचा उजवा पाय उचलूनच परत आला.

तालुक्यातून एक जण घरोघरी फिरतो, स्वतःला सर्जन म्हणवतो. गुडघा चाचपून म्हणाला, “भाऊ, आतली नस तुटली. चिरफाड काहून करता? दुर्बिणीतून दोन भोकं पाडतो, प्लेट बसवतो. चार दिवसांत पयते पाहा.” ३५ हजार रोख. सकाळी गाडीत घालून नेला, संध्याकाळी आणून सोडला. गुडघ्यावर दोन टाके, सोबत एक एक्स-रे आणि हाताने खरडलेली चिठ्ठी. (कुत्र्यावर एवढा पैसा? असं गावात विचारतात. मग रात्रभर वावरात जागल कोण करणार?)

पाय काही टेकेना. शेवटी अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत नेलं. तिथल्या मॅडमनी मांडीचं हाड पक्कं धरून नडगी पुढे ढकलली, तर ती कपाटाच्या खणासारखी सरकली. क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड अन् नडगी बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेलं, ते तसंच. नव्या फिल्मवर ना प्लेट, ना एक स्क्रू. आणि त्या माणसाची फिल्म? नडगीच्या वरच्या टोकाला हाड वाढण्याची रेघ उघडी होती. कुत्र्यात ती साधारण वर्ष-सव्वा वर्षात बुजते. काळ्या सहा वर्षांचा. म्हणजे कोण्या पिल्लाची फिल्म आमच्या हातात दिली होती.

दुर्बीण खोटी नाही. बारीक भोकातून कॅमेरा घालून लिगामेंट पाहतात, फाटलेल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, तुकडा काढतात. पण तेवढ्याने सांधा पक्का होत नाही. प्लेटचं जे ऑपरेशन असतं, टीपीएलओ, त्यात नडगीचं वरचं टोक गोल करवतीने कापून फिरवतात, त्याचा उतार ५ अंशांच्या आसपास आणतात, मग प्लेट कसतात. त्याला चीर द्यावीच लागते, दोन भोकांत करवत मावत नाही. हाड जुळायला ८ ते १२ आठवडे लागतात, तोवर कुत्रा साखळीवर. चार दिवसांत पळवणारा तिथेच ओळखावा.

चिठ्ठीवर नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. फोनही उचलत नाही. सध्या शेजारच्या तालुक्यात फिरतोय म्हणतात. तुमच्या दारी आला तर आधी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. ऑपरेशन झाल्यावर कुत्र्याचं नाव अन् तारीख असलेली, प्लेट दिसणारी फिल्म हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम सोडू नका.